साखरपुड्याला गुलछडी चालते का? आणि काड्या दोन दिवस टिकवायच्या कशा?

वडगावची_आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत. एक फुलाचा आहे आणि दुसरा आमच्या निपाणीच्या काकूंचा.

भावाच्या मुलीचा साखरपुडा येत्या रविवारी आहे, बेळगावात टिळकवाडीत एका हॉलवर, संध्याकाळी पाचला. मुलाकडचे गडहिंग्लजचे. जेवणाचं ठरलं, कुंद्याची ऑर्डर गेली, साड्या झाल्या, अडलंय ते फुलांवर. पोरीला सगळं पांढरं पाहिजे. मोबाइलवर कुठला तरी हॉल बघितलाय तिनं: उंच काचेच्या बरण्या, त्यात गुलछडीच्या लांब काड्या, बाकी काही नाही. मला आवडलं. झेंडूच्या माळांचं डोकं उठवणारं पिवळं बघून बघून कंटाळा आलाय, आणि वास काय सुंदर येतो संध्याकाळी.

तोवर काकू आल्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "गुलछडी? ती मढ्यावर घालतात गं. पाव्हण्यांना काय दाखवणार, पोरीच्या साखरपुड्यात मढ्याचं फूल?" झालं. भाऊ गप्प, वहिनी गॅस बारीक करायच्या निमित्तानं आत गेली, पोरगी रडकुंडीला. काकू घरात मोठ्या, त्यांचा शब्द मोडून काही करायचं नाही, आणि पोरीचंही मन मोडायचं नाही. खरंच असं काही शास्त्र आहे का हो? की आपल्याकडचीच समजूत?

दुसरं म्हणजे टिकवायचं. गेल्या वर्षी आमच्या वास्तुशांतीला मी सकाळी दोन गड्ड्या आणल्या होत्या. चांगल्या टपोऱ्या उमललेल्या बघून घेतल्या. स्टीलच्या जगात पाणी भरून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी खालची फुलं चहात बुडवल्यासारखी तपकिरी, वरच्या कळ्या माना टाकून, आणि जगातल्या पाण्याला गटारीचा वास. पूजेला आलेल्या गुरुजींनीच तो जग उचलून मागच्या दारी नेऊन ठेवला. तसं रविवारी झालं तर काकू जन्मभर ऐकवतील.

हॉल शनिवारी रात्री आठनंतर ताब्यात मिळणार. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

शहापूरचा_सम्या

आत्या, जरबेरा लावा आणि मोकळ्या व्हा. पांढरा पण मिळतो. वास नाही, वाद नाही.

हार_ओवणारा

आत्या, मी फूलवालाच हाय. वडलांच्या वांगडा दुकानात बसलो तेव्हा आठवीत होतो, आता माझा पोरगा बसतोय. तर पहिलं टिकवायचं सांगतो, काकूंकडं मागनं येतो.

तुमची चूक जगात झालेली नाही, ती बाजारात झाली. टपोऱ्या उमललेल्या काड्या घेतलासा, तिथंच. गुलछडीची काडी खालनं वर उमलत जाती. सगळ्यात खालची दोन-तीन फुलं उघडलेली, त्याच्या वरच्या कळ्या फुगून पांढऱ्या झालेल्या, अशी काडी हातात घ्यायची. अर्धी उमललेली काडी दिसायला झकास, गिऱ्हाईक बोट दाखवून तीच मागतंय, आम्ही देतो, खरं ती उद्याला म्हातारी. उलट शेंड्याला नुसत्या हिरव्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसत असतील तर त्यांच्यावर भरवसा नको. त्या झाडावरच उघडायच्या होत्या, तुमच्या बरणीत उघडणार नाहीत.

सकाळी आणायचं पण सोडा. हे रात्रीचं फूल हाय, निशिगंध, नावच तसं. कळी उघडती ती संध्याकाळनंतर, वास सुटतो तो पण तेव्हाच. पाचचा कार्यक्रम, म्हणजे शनिवारी दुपारी चारच्या आसपास काड्या घरात यायला पाहिजेत. रात्रभर पाणी पिऊन रविवारी संध्याकाळी त्या ऐन भरात असतील. रविवारी सकाळी आणलासा तर पाव्हणे बघतील कळ्या, आणि फुलं बघेल हॉल झाडायला आलेली बाई.

आता घरी आणल्यावर. काडी कापल्यापासनं दुकानात येईस्तोवर बुडाचं तोंड सुकून बंद झालेलं असतंय. तशीच पाण्यात ठेवलासा तर ती पाण्यात उभी राहून तहानेनं मरती. बादलीत पाणी घ्या, बूड पाण्याच्या आत बुडवून, आतल्या आतच दोन बोटं तिरकं कापा. धारेची सुरी घ्या. घरची जुनी कात्री नको, ती कापत नाही, चेचती. पाण्याखाली येणारा पाला सगळा ओरबाडून काढा. तुमच्या जगातला गटारीचा वास फुलाचा नव्हताच वो, तो कुजलेल्या पाल्याचा.

आणि पाण्यात साखर. हसू नका. कळी उमलायला जेवण लागतंय, ते झाडाकडनं येत होतं, कापल्यावर थांबलं. लिटरभर पाण्याला चहाचे पाच चमचे साखर पुरे, म्हणजे वीस ग्रॅम. खरं नुसती साखर घातलासा तर पाण्यात बुळबुळीत शेवाळासारखं धरतंय आणि काडीचं तोंड परत बंद. म्हणून वांगडाच अर्ध्या लिंबाचा रस, आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच असतंय त्याचे चार-पाच थेंब. थेंब म्हटलो, टोपण नव्हे. रोज पाणी बदलायचं, रोज बूड नखभर कापायचं, सुकलेलं फूल चिमटीनं खुडायचं. खालचं वाळकं फूल काढलं नाही तर सगळी काडीच शिळी दिसती.

बरण्या आदल्या दिवशी साबणानं आतनं घासून घ्या. फुलं टिकत नाहीत म्हणून आमच्याकडं भांडायला येणाऱ्यांतली निम्मी माणसं बरणी धुवत नाहीत.

आता काकू. एका बादलीतनं सकाळी नवरदेवाचा हार जातोय आणि दुपारी मयताचा, हे खरं हाय. कशाला खोटं बोलू? सत्काराचा हार गुलछडीचा, गाडीच्या बॉनेटवरची जाळी गुलछडीची, फुलांच्या मुंडावळ्या गुलछडीच्या, बाळाच्या पाळण्याला गुलछडी. लिंगायत मंडळींत मयताला बसवून सजवलेल्या विमानातनं नेतात, त्याला पण गुलछडी. हे फूल जिकडं तिकडं जातंय कारण पांढरं हाय, ओवायला सोपं, दांडी लांब, सुई सरळ जाती, आणि दिवसभर उन्हात टिकतंय. आमचा धंदाच त्याच्यावर.

खरं हार बघून ओळखता येतंय का, कुठला कुठं चाललाय? येतंय. आमच्या दुकानात मयताच्या हाराला जरी लागत नाही, गोंडा लागत नाही, मध्ये लाल गुलाब येत नाही. सैल ओवलेला, साधा, तुळस घालून. लग्नाच्या हाराला फूल फुलाला टेकलेलं पाहिजे, जरीचा पट्टा पाहिजे, खाली गुलाबाचं पेंडुळं पाहिजे. शुभ-अशुभ जे काय असेल ते त्या दोऱ्यात हाय, फुलात नाही. सोमवारी कपिलेश्वरला पांढरंच फूल वाहतासा की नाही? महादेवाला चालत नाही तो केवडा. लोकं सगळ्या वासाच्या फुलांना तोच नियम लावून मोकळे.

काकूंना असं सांगून बघा: नुसतं पांढरं ठेवणार नाही. बरणीत गुलछडीच्या वांगडा दोन-तीन लाल गुलाब आणि कामिनीचा हिरवा पाला घाला. बरणीच्या गळ्याला जरी बांधा. त्याला मढ्याचं फूल म्हणायची कुणाची टाप नाही. पोरीला विचारून घाला मात्र, नाहीतर तिकडनं रडारड.

एक राहिलं. वास. बंद हॉलात सिंगल गुलछडीच्या पन्नास काड्या ठेवलासा तर मागच्या खुर्चीवरच्याचं डोकं धरतंय. डबल घ्या. तिला वास कमी, पाकळ्या जास्त, लांबनं भरीव दिसती. ओळखायची सोपी: सिंगलच्या फुलाला सहा पाकळ्या एका ओळीत, डबलच्या फुलात पाकळ्यांचे थर, छोट्या गुलाबासारखे, आणि कळीच्या टोकाला पुष्कळदा गुलाबी झाक.

चोर्ला_उतार

सोपं करा की. शनिवारी सकाळी आणा, पेपरात गुंडाळून फ्रीजमध्ये घाला, रविवारी काढा. मी गोव्यात नोकरीला, बेळगावहून येताना बायको असंच करते.

हार_ओवणारा

वहिनी करतात ती सुटी फुलं असतील, गजऱ्याची. ती ओल्या सुती फडक्यात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात एक रात्र चालतात. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधू नका एवढंच, आत घाम सुटून फुलाला डाग पडतात. काडीचं वेगळं. घरच्या फ्रीजमधनं काढलेल्या काडीच्या कळ्या थंडीनं आखडतात, नंतर उघडायचं नाव घेत नाहीत. मी दुकानातच एकदा हे शहाणपण करून बसलोय, गणपतीच्या आधी, चाळीस गड्ड्या. मोठ्या फ्रीजात ठेवल्या आणि सकाळी काढल्या तर सगळ्या काचेसारख्या झालेल्या. वडील तेव्हा होते. काही बोलले नाहीत, नुसता झाडू हातात दिला.

कार्नेशन असेल तर गोष्ट वेगळी, ते थंडीत राहतंय. त्याला दुसरा रोग, पिकलेल्या केळ्याजवळ ठेवलं की मिटून बसतंय. ओटीच्या ताटाशेजारी कार्नेशनची बरणी ठेवू नका कधी.

बारा_गुंठे

हुक्केरी तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं कन्नड शेतकरी हिला सुगंधराज म्हणतात, आम्ही गुलछडी, कागदावर निशिगंध. ऊस सोडून बारा गुंठे गुलछडी केली तेव्हा गावानं वेड्यात काढलं.

वरच्या दादांनी काडीचं बरोबर सांगितलंय. त्यात माझी एवढीच भर की आत्यांनी आजच फूलवाल्याला सांगून ठेवावं. तुळशीची लग्नं झाली, थंडी सुरू झाली. गुलछडीला ऊब लागते. पावसाळ्यात आणि दसऱ्यापर्यंत काड्या तोडून हात दुखतात, आता मात्र दांडा आखूड येतो, संख्या घटते, आणि नेमका याच वेळी मुहूर्तांचा सुकाळ. त्यामुळे दर ऐकून दचकू नका. त्यात शेतकऱ्याचा फायदा फार असतो असंही समजू नका.

जातीबद्दल. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागायत संशोधन संस्था आहे, आपल्या भागात दिसणाऱ्या बऱ्याच चांगल्या जाती तिथल्या. सिंगलमध्ये शृंगार आणि प्रज्वल, डबलमध्ये सुवासिनी आणि वैभव. मी प्रज्वल लावलीय. शृंगार आणि मेक्सिकन सिंगल यांचा संकर. तिची सुटी फुलं पण विकली जातात आणि काडी पण, म्हणजे हाराचा बाजार पडला तर काडी, काडीचा पडला तर हार. आत्यांना हॉलसाठी सुवासिनी मिळाली तर उत्तम, पांढरीशुभ्र आणि भरगच्च.

माझी फजिती पण सांगतो, कुणी लावायच्या विचारात असेल तर कामाला येईल. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून कंद घेतले, सगळे डबल म्हणून. मार्चअखेर लावले, एक फूट बाय वीतभर अंतरावर. आषाढात फूल आलं तर निम्मे सिंगल. कंद बघून काही कळत नाही, कांद्यासारखाच दिसतो. बरं, एकदा लावला की पीक तीन वर्षं ठेवायचं, म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी ते मिश्रण बघत बसायचं. त्यात काळी जमीन, पाणी साचलं, खोडाशी पांढरी बुरशी धरून मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसायला लागले आणि रोपं मऊ पडून आडवी झाली. दुसऱ्या तुकड्यात पानं पिवळी. उपटून बघितलं तर मुळांवर गाठी. रोप पिशवीत घालून अरभावीच्या बागायत कॉलेजात नेलं, त्यांनी बघताक्षणी सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, म्हणून सांगितलं, आणि त्याला शृंगार बऱ्यापैकी तोंड देते हेही सांगितलं. आता गादीवाफे उंच केलेत, लाल मातीच्या बाजूला सरकलोय, आणि कंद शेजारच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, फूल डोळ्यांनी बघून ठेवलेल्या झाडाचेच घेतो. काढल्यावर महिनाभर सावलीत विसावा देऊन मग लावतो.

तोडणी सुट्या फुलांची पहाटे, बॅटरी लावून, कळी उमलायच्या बेतात असताना. काडीची सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. ऊन चढल्यावर तोडलेली काडी बेळगावला पोचेपर्यंत मान टाकते. एक दांडा, त्यावर पंचवीस-तीस कळ्या, चांगला असला तर चाळीसच्या पुढं. मोजायची सवय लागते.

पेन्शनर_खानापूर

शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो, म्हणून काकूंच्या मुद्द्यावर थोडं.

या फुलाचा आपल्या कुठल्याही जुन्या शास्त्राशी संबंध लागणं कठीण, कारण ते आपलं नव्हेच. ते मेक्सिकोचं. तिथले अझ्टेक लोक त्याला ओमिशोचित्ल म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. हाडासारखं पांढरं म्हणून. (काकूंना हे सांगू नका.) युरोपियनांबरोबर ते जगभर फिरलं आणि इकडं आलं. रानात उगवलेलं असं ते आता कुठंच सापडत नाही, माणसानं लावलेलंच तेवढं उरलंय. १७५३ साली लिनिअसनं त्याला पॉलिअँथेस ट्युबरोझा नाव दिलं. ट्युबरोझा म्हणजे गाठीचं, कंदाचं. इंग्रजीतलं ट्यूबरोझ त्यावरूनच आलं, त्यातला रोझ गुलाबाचा नव्हे, मुलं हमखास तिथं चुकायची. आता शास्त्रज्ञांनी त्याला अगेव्ह प्रजातीत नेलंय, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचं हे नात्यातलं. लांब दांडा सरळ वर जातो तो बघितला की पटतं.

संध्याकाळी वास का, तर त्याचे पाहुणे रात्री येतात. लांब सोंडेचे पतंग. पांढरा रंग अंधारात दिसावा, वास लांबून यावा आणि मध लांब नळीच्या तळाशी असावा, सगळी मांडणी त्यांच्यासाठी.

अर्थ म्हणाल तर ज्या गावाला जावं तिथं वेगळा. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळी फुलांच्या भाषेची पुस्तकं निघाली होती, त्यात याचा अर्थ घातक सुख असा दिलेला. बंगालमध्ये रजनीगंधेशिवाय, म्हणजे याच फुलाशिवाय, लग्न होत नाही, आणि अंत्यदर्शनालाही तीच. फ्रान्समध्ये ग्रास गावी अत्तरासाठी हीच फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत, कारण तोडल्यावरही फूल दोन दिवस वास सोडत राहतं. चरबी तो शोषून घेते. आता द्रावकानं काढतात. हजार किलो फुलांतून मेणासारखा अर्क निघतो जेमतेम किलोभर. त्यासाठी सिंगलच लागते. डबलला वास कमी हे फूलवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

वडगावची_आत्या

सगळ्यांचे आभार. सम्या, जरबेऱ्याचं पोरीला सांगितलं, तिनं फोन ठेवला.

काल काकूंना जरीचं, गुलाबाचं, कपिलेश्वरचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते सगळं असू दे. मला तो वास नको." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका गेले त्याला तीन वर्षं झाली, असेच थंडीचे दिवस होते. फोटोला रोज एक गुलछडीचा हार, तेरा दिवस. निपाणीचं ते जुनं घर, खिडक्या लहान. मी दिवसाला गेले होते तेव्हा उंबऱ्यातच वास अंगावर आला होता. काकू शास्त्र सांगत नव्हत्याच. मीच त्यांच्याशी शास्त्रानं भांडत बसले.

दादा, डबलला वास कमी म्हणजे किती कमी? बंद होतो का?

हार_ओवणारा

बंद होत नाही आत्या. खोटं कशाला सांगू. हॉलच्या खिडक्या उघड्या, वर पंखा, आणि डबल, असं असेल तर चार खुर्च्या पलीकडं फारसा जाणवत नाही. बरण्या स्टेजवर ठेवा, दारात ठेवू नका. दारातनं आत येताना वास थेट नाकात जातोय. काकूंची खुर्ची जेवणाच्या बाजूला, खिडकीजवळ. तिकडच्या टेबलावर शेवंती ठेवा, आता शेवंतीचे दिवस हायेत, पांढरी पण मिळती. पोरीचं पांढरं राहील.

आणि काकूंना वेणी अबोलीची. मोगरा आता मिळायचा नाही. अबोलीला वास नाही.

वडगावची_आत्या

साखरपुडा झाला. उशिरा लिहितेय, घर आवरण्यात दिवस गेले.

शनिवारी चारला सुवासिनीच्या दोन गड्ड्या आणि सिंगलची एक मिळाली, पाहिजे होत्या तीन डबलच्या. सिंगल घरीच देवघराच्या बाहेर ठेवली. पाण्याखाली काड्या कापताना निम्मं पाणी माझ्या साडीवर. साखर, लिंबू, थेंब, सगळं दादांनी सांगितल्याप्रमाणे. भावाला पटेना, "सरबत करालीस का?" म्हणून विचारून गेला. रात्री हॉलवर नेताना रिक्षात दोन काड्या मोडल्या, त्या तिथंच रिक्षावाल्याच्या गणपतीपुढं खोचल्या.

रविवारी पाचला प्रत्येक काडीवर सहा-सात फुलं पूर्ण उघडलेली. पोरीनं गुलाब घालू दिले नाहीत, जरी बांधू दिली. गडहिंग्लजच्या विहीणबाईंनी दोनदा बरण्यांजवळ जाऊन वास घेतला आणि फोटो काढले. काकू खिडकीजवळ, अबोलीची वेणी घालून, शेवटपर्यंत बसल्या. अंगठ्या घालताना स्टेजवर आल्या, पदर नाकाला लावला होता की डोळ्यांना ते मला सांगता येणार नाही. फुलांवर एक शब्द बोलल्या नाहीत.

बारा गुंठेवाले दादा, दर ऐकून दचकलेच.

आज बुधवार. उरलेल्या काड्या घरी बादलीत आहेत, रोज पाणी बदलतेय. खालची बरीच फुलं खुडली, मधली अजून ताजी आहेत. पण शेंड्याच्या आठ-दहा कळ्या तशाच हिरव्या, मिटलेल्या. त्या उघडतील का?

हार_ओवणारा

त्या नाही उघडायच्या. शेंडा खुडून टाका, मधल्यांना पाणी पुरेल. शुक्रवारपर्यंत चालतील.